पाणी तोडण्याआधी

लघवी गळायला लागली की माणूस सगळ्यात आधी पाणी तोडतो. हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. डॉक्टरांकडे जाण्याच्या कितीतरी आधी, कधीकधी घरच्यांनाही कळण्याआधी, हा निर्णय मनातल्या मनात होऊन गेलेला असतो. प्रवासाला निघायचं असलं की सकाळपासून घोटभरही नाही. दोन तासांची बैठक असली की ग्लास समोर तसाच भरलेला. आत काही गेलंच नाही तर बाहेर काय येणार, हा हिशेब वरवर बिनचूक वाटतो. पण शरीर या हिशेबाने चालत नाही. ज्या लाजेपोटी पाणी सोडलं, ती लाज या उपायाने बहुतेक वेळा वाढतेच.

पाणी प्यायलं नाही तरी किडनीचं काम थांबत नाही. रक्तातला युरिया आणि क्षार बाहेर टाकायलाच लागतात, आणि त्यासाठी दिवसाला निदान अर्धा लिटर लघवी तयार होते. फरक इतकाच की ती गडद, दाट आणि उग्र असते. अशा लघवीने बऱ्याच जणांची घाई कमी होण्याऐवजी वाढते. चार थेंब गळले तरी वास जास्त येतो, म्हणजे जे लपवायचं तेच उघडं पडतं. शौच कडक होतं, आणि त्याचा मूत्राशयाशी फार जवळचा संबंध आहे. शिवाय संसर्गाचा धोका. वारंवार मूत्राशयाचा संसर्ग होणाऱ्या आणि दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पेयं घेणाऱ्या १४० स्त्रियांचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी रोज दीड लिटर पाणी जास्त घेतलं त्यांना वर्षभरात सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. संसर्ग असला की भल्याभल्यांची लघवी रोखली जात नाही. ज्याची आधीच गळते त्याचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको.

मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण ३०० ते ५०० मिली लघवी मावते. दीडशे-दोनशे मिली साठली की पहिली जाणीव होते, पण तेव्हा जायलाच हवं असं नसतं. गळण्याच्या भीतीने माणूस या पहिल्या जाणिवेला, किंवा तिच्याही आधी, ‘जाऊन येऊ एकदा’ म्हणून उठायला लागतो. असं महिनोन् महिने चाललं की मूत्राशयाला पूर्ण भरायची सवयच राहत नाही आणि शंभर मिलीलाही ते ओरडायला लागतं. पाणी कमी आणि फेऱ्या जास्त, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की दुखणं घट्ट बसतं.

खाण्यापिण्याकडे वळण्याआधी आपली लघवी कशी गळते ते ओळखायला हवं. खोकताना, शिंकताना, हसताना किंवा वजन उचलताना थोडी सुटते, तो एक प्रकार. यात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आणि मूत्रमार्गाची पकड ढिली पडलेली असते. दुसऱ्या प्रकारात अचानक जोराची घाई होते आणि पोहोचेपर्यंत धीर धरवत नाही. कुलपात किल्ली घालताना किंवा नळाचा आवाज कानावर पडताच असं होणाऱ्यांचं मूत्राशय अवेळी आकुंचन पावत असतं. पुष्कळांना दोन्ही थोडं थोडं असतं. चहा-कॉफी, दारू, पिण्याच्या वेळा यांचा परिणाम मुख्यतः दुसऱ्या प्रकारावर दिसतो. पहिल्या प्रकारात वजन, बद्धकोष्ठता आणि जुनाट खोकला यांचा वाटा मोठा. खोकताना गळणाऱ्या बाईने कॉफी सोडली आणि काहीच फरक पडला नाही, तर ते तिचं अपयश मुळीच नाही. तिला स्नायूंच्या व्यायामाची गरज होती आणि सल्ला भलताच मिळाला, एवढंच.

म्हणून काहीही तोडण्याआधी तीन दिवस मोजा. या नोंदवहीइतकं स्वस्त आणि उपयोगी साधन या आजारात दुसरं नाही असं माझं ठाम मत आहे. मिलीच्या खुणा असलेलं एक प्लास्टिकचं भांडं संडासात ठेवायचं. कागदावर वेळ, काय आणि किती प्यायलं, किती लघवी झाली, घाई किती होती, गळली का आणि तेव्हा काय चाललं होतं, हे जागच्या जागी लिहायचं. संध्याकाळी आठवून लिहिलेली नोंद जवळजवळ नेहमी चुकते. तीन दिवस सलग नसले तरी चालतात, पण त्यात एक सुट्टीचा आणि एक कामाचा दिवस असावा, कारण दोन्हींच्या वेळा वेगळ्या असतात. पिण्याच्या रकान्यात चहा, दूध, सूप, सरबत, औषधासोबतचं पाणी हे सगळं येतं. घरातला कप आणि ग्लास किती मिलीचा आहे हे आधी एकदा मोजून ठेवावं. दीडशे वाटणारा कप अडीचशेचा निघतो, आणि मग सगळीच बेरीज बदलते.

या कागदावरून काय दिसतं? चोवीस तासांची लघवी तीन लिटरच्या घरात असेल, तर एकतर पिणं फार होतंय किंवा मधुमेहासारखं काही कारण आहे. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की ती लघवीत उतरते आणि जाताना सोबत पाणी ओढून नेते. तिथे पाणी कमी करून उपयोग नाही, साखर तपासायला हवी. एकूण लघवी दीड लिटरच पण दर वेळी शंभर-सव्वाशे, तर पिण्याचं प्रमाण ठीक आहे आणि मूत्राशय लवकर चिडतंय. रात्रीचा आकडा वेगळा काढावा. झोपल्यानंतर झालेली सगळी लघवी आणि सकाळी उठल्यावरची पहिली, यांची बेरीज करायची. झोपण्याआधीची शेवटची दिवसात धरायची. उतारवयात ही बेरीज चोवीस तासांच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त आली, तर रात्रीच जास्त लघवी तयार होते आहे, आणि त्याची कारणं वेगळी शोधावी लागतात.

आता किती प्यावं. सगळी पेयं मिळून दीड ते दोन लिटर बहुतेक प्रौढांना पुरतं. वजनाच्या हिशेबाने सांगायचं तर किलोमागे २४ ते ३० मिली, म्हणजे ६० किलोच्या माणसाला साधारण दीड लिटर ते एक लिटर आठशे मिली. उन्हात काम, ताप, जुलाब, अंगावर पाजणं यात हे वाढतं. फळं, भाज्या, शिजवलेलं अन्न यांतूनही दिवसाच्या पाण्याचा पाचवा ते चौथा हिस्सा मिळतो हे आपण विसरतो. त्यामुळे तब्येतीसाठी म्हणून रोज चार लिटर रिचवणाऱ्याचं मूत्राशय त्याच्याविरुद्ध तक्रार करत असेल तर त्यात नवल नाही. अशांनी एक-चतुर्थांश कमी केलं तरी फेऱ्या आणि घाई दोन्ही उतरतात. उलट आठशे मिलीवर दिवस काढणाऱ्याने दर दोन-तीन दिवसांनी शंभर-दीडशे मिली वाढवत जावं. यात पहिले एक-दोन आठवडे फेऱ्या वाढलेल्या वाटतात. ही गोष्ट आधी सांगितली नाही तर माणूस चौथ्याच दिवशी घाबरून सोडून देतो. दोन आठवडे तग धरला की मूत्राशय जास्त साठवायला लागतं.

लघवीचा रंग फिकट पिवळा असावा. ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असतील तर मात्र रंगावर जाऊ नये, त्यातल्या रायबोफ्लेविनने ती पाणी भरपूर असूनही झगझगीत पिवळी होते.

प्रमाणाइतकंच महत्त्व आहे एका वेळी किती घेतलं जातं याला. अर्धा लिटरची बाटली एका दमात संपवली की त्यातलं बरंचसं पुढच्या तास-दीड तासात मूत्राशयात येऊन थडकतं. तेच पाणी तीन भागांत घेतलं तर भरण्याचा वेग कमी राहतो आणि घाईची लाट उसळत नाही. एका वेळी दीडशे ते दोनशे मिली, हा साधा नियम. उठल्यावर २००, न्याहारीबरोबर २००, अकराच्या सुमारास २००, दुपारच्या जेवणात २००, तीनला २००, पाचला २००, रात्रीच्या जेवणात २००, आणि नंतर गोळी गिळण्यापुरता घोट. हे चौदाशे झाले. त्यात कुठे एखादं सूप किंवा दूध आलं की दीड लिटरचा पल्ला गाठला जातो.

बाहेर काम करणाऱ्यांचं गणित बहुतेक इथेच चुकतं. कामाच्या ठिकाणी स्वच्छतागृह नाही, किंवा आहे पण जावंसं वाटत नाही, म्हणून दिवसभर कोरडं राहायचं आणि घरी पोहोचल्यावर सात ते दहाच्या दरम्यान लिटर-सव्वा लिटर प्यायचं. मग रात्री तीन-चार वेळा उठणं आणि अंथरुणात गळणं आलंच. याला वय झालं म्हणून सोडून देतात, पण चुकलेलं असतं ते पाण्याचं वेळापत्रक. दिवसाचं दोन-तृतीयांश पिणं दुपारी चारपर्यंत व्हावं आणि झोपण्याआधीचे दोन-तीन तास जवळजवळ कोरडे जावेत. जेवण उशिरा आणि खारट असेल तर हे पाळणं अशक्य होतं, कारण तहान लागतेच.

मिठाबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण लघवीच्या तक्रारीत मीठ कुणाच्या डोक्यात येत नाही. जास्तीचं मीठ बाहेर टाकायला किडनीला जास्त पाणी लागतं, आणि उतारवयात हे काम बरंचसं रात्रीवर ढकललं जातं. जपानमधल्या नागासाकी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मांडलेल्या अभ्यासात ज्या रुग्णांनी रोजचं मीठ १०.७ ग्रॅमवरून ८ ग्रॅमवर आणलं, त्यांचं रात्रीचं उठणं सरासरी २.३ वेळांवरून १.४ वर आलं. ज्यांचं मीठ वाढलं त्यांचं उठणंही वाढलं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. ताटात वरून घेतलेलं मीठ दिसतं तरी. पाकिटातल्या चिप्स, झटपट नूडल्स, सॉस, पावडरचं सूप, ब्रेड यांतलं दिसत नाही. वेष्टनावर सोडियम लिहिलेलं असतं, त्याला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. ८०० मिलिग्रॅम सोडियमचं एक पाकीट म्हणजे २ ग्रॅम मीठ.

संध्याकाळी पावलांवर सूज येत असेल तर रात्रीच्या लघवीचा उगम पायांत असू शकतो. दिवसभर खाली साठलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परततं आणि किडनीतून बाहेर पडतं. दुपारी तासभर पाय छातीच्या पातळीला उचलून पडून राहिलं तर यातलं बरंच पाणी झोपेच्या आधीच निघून जातं. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी संध्याकाळी असेल, तर ती आधी घेता येईल का हे डॉक्टरांना विचारावं. वेळ स्वतःच्या मनाने बदलू नये. सूज नवी असेल किंवा सोबत दम लागत असेल तर आधी हृदय आणि किडनीची तपासणी.

चहा-कॉफीवर सगळ्यात जास्त प्रश्न येतात. कॅफीन दोन बाजूंनी त्रास देतं, लघवी थोडी वाढवतं आणि मूत्राशयाच्या स्नायूला चिथावतं. २४० मिलीच्या कपभर कॉफीत साधारण ९५ मिलिग्रॅम, तेवढ्याच चहात ४० ते ५०, कोलाच्या ३५५ मिलीच्या डब्यात ३५ च्या आसपास आणि २५० मिलीच्या एनर्जी ड्रिंकमध्ये ८०. किती वेळ उकळलं आणि किती पावडर टाकली यावर हे आकडे बरेच हलतात. ग्रीन टी यातून सुटत नाही, डार्क चॉकलेटही नाही, आणि डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफीन असतं. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीच्या माहितीत दिवसाला सुमारे २०४ मिलिग्रॅमच्या वर कॅफीन घेणाऱ्या स्त्रियांमध्ये लघवी गळण्याचं प्रमाण जास्त आढळलं. यावरून कॅफीननेच गळते असं सिद्ध होत नाही, आणि कॅफीन कमी करण्याच्या प्रयोगांचे निकालही एकसारखे नाहीत. तरीही घाई होणाऱ्या प्रत्येकाने एकदा महिनाभर करून पाहावं असंच मी म्हणेन. यात जाण्यासारखं फारसं काही नाही आणि ज्यांना गुण येतो त्यांना तो चांगलाच येतो. उपचार कसे करावेत हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेची मार्गदर्शक तत्त्वंही अतिक्रियाशील मूत्राशय, म्हणजे अचानक घाईचा त्रास, असलेल्या स्त्रियांना हेच सुचवतात.

फक्त एका झटक्यात बंद करू नका. रोज चार-पाच कपांची सवय असलेल्याने एकदम सोडलं की १२ ते २४ तासांत डोकं धरतं, चिडचिड होते, झोप येते, आणि हे आठवडाभर टिकू शकतं. मग माणूस परत कपाकडे वळतो आणि हा उपाय आपल्याला झेपत नाही असं ठरवून टाकतो. दर तीन-चार दिवसांनी एक कप कमी करायचा, सुरुवात संध्याकाळच्या कपापासून. शरीरातलं निम्मं कॅफीन जायला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे सहाच्या कॉफीचा अंमल मध्यरात्रीपर्यंत असतो. नेहमीच्या पावडरीत कॅफीन काढलेली पावडर निम्मी निम्मी मिसळत गेलं तर जिभेलाही फारसं कळत नाही. सोडलेल्या कपाच्या जागी तेवढंच पाणी किंवा कॅफीन नसलेलं दुसरं पेय घ्यायचं, नाहीतर एकूण पिणं नकळत घसरतं आणि पुन्हा दाट लघवीचं दुखणं सुरू. निकाल तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, नोंदवही परत भरून पाहायचा.

दारूचं थोडक्यात. किडनीला पाणी राखून ठेवायचा संदेश देणारं संप्रेरक तिच्यामुळे दबतं, म्हणून लघवी जास्त होते. वर झोप जड लागते, म्हणून मूत्राशय भरल्याचं कळत नाही.

फसफसणारी पेयं, कृत्रिम गोडवा, आंबट फळं, टोमॅटो, तिखट यांची यादी जिथेतिथे छापलेली असते. पुरावा म्हणाल तर पातळ आहे. काहींना खरोखर त्रास होतो, पुष्कळांना काहीच होत नाही. ती यादी वाचून फळं, भाज्या आणि चव सगळं एकदम सोडून बसलेली माणसं असतात आणि मला त्याचं वाईट वाटतं. इतकं सोडून बरं वाटलंच, तरी कशामुळे ते कळत नाही आणि पथ्य जन्माचं होऊन बसतं. संशय असेल तो एकच पदार्थ दहा दिवस बंद ठेवा, नोंद ठेवा, मग दोन दिवस नेहमीइतका खा. खाल्ल्यावर घाई स्पष्ट वाढली तरच तो दोषी. नाहीतर त्याला परत ताटात घ्या आणि पुढच्याकडे वळा.

आता बद्धकोष्ठता. या विषयावर बोलायला लोक लघवीपेक्षाही जास्त लाजतात, पण माझ्या मते आहाराचा सगळ्यात मोठा फायदा इथेच आहे. मूत्राशय आणि गुदाशय एकाच अरुंद जागेत शेजारी शेजारी असतात. मागे कडक मळ साठला की पुढच्या मूत्राशयाला जागा कमी पडते, घाई वाढते, आणि कधी लघवी पूर्ण बाहेरही पडत नाही. रोज कुंथल्याने तळाचे स्नायू ताणून ढिले पडतात, म्हणजे खोकताना गळणंही वाढतं. दिवसाला २५ ते ३० ग्रॅम तंतू पोटात जायला हवेत. सालासकट मध्यम सफरचंदात साधारण ४ ग्रॅम, कपभर शिजलेल्या मसुरीत १५ च्या आसपास, ४० ग्रॅम कोरड्या ओट्समध्ये ४. आज दहावर असलेल्याने उद्या तीसवर उडी मारू नये, पोट फुगतं, वारा धरतो, आणि फुगलेलं पोट खाली दाबच देतं. आठवड्याला पाचेक ग्रॅम वाढवावेत.

तंतू वाढवून पाणी वाढवलं नाही तर मळ आणखी घट्ट होतो. इसबगोल घेणाऱ्यांना तर प्रत्येक मात्रेसोबत पूर्ण ग्लास पाणी लागतं. हा ग्लास लोक झोपताना घेतात आणि मग रात्री का उठावं लागतं याचं कारण शोधत बसतात. तो सकाळी घ्यावा. कमोडवर बसताना पावलांखाली छोटं स्टूल ठेवून गुडघे कमरेपेक्षा वर आणले आणि किंचित पुढे झुकलं की कुंथावं लागत नाही.

वजन जास्त असेल तर त्याचा दाब चोवीस तास मूत्राशयावर आणि खालच्या स्नायूंवर असतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत ३३८ जाड स्त्रियांपैकी ज्यांना आहार-व्यायामाचा पूर्ण कार्यक्रम दिला, त्यांचं वजन सहा महिन्यांत सरासरी ८ टक्के उतरलं आणि आठवड्यातलं गळणं ४७ टक्क्यांनी कमी झालं. नुसती माहिती दिलेल्या गटात ते २८ टक्के होतं. आठ टक्के वजन म्हणजे ८० किलोच्या बाईचे जेमतेम साडेसहा किलो. आदर्श वजन गाठायची गरज नाही, हे मुद्दाम सांगायला हवं, कारण त्या आदर्श आकड्याकडे पाहूनच कित्येकजणी सुरुवात करत नाहीत. मात्र वजनासाठी दिवसभर ग्रीन टी आणि लिटरभर ‘डिटॉक्स’ पाणी पिणं सुरू केलं, तर वजन उतरेल तेव्हा उतरेल, लघवी आजच जास्त गळेल.

मूत्राशय शांत करणाऱ्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं आणि बद्धकोष्ठताही होते. कोरड्या तोंडाला माणूस तहान समजतो आणि पीत सुटतो, की गोळीचा गुण पाण्यात. अशा वेळी चूळ भरावी, बर्फाचा खडा चघळावा, घोटभरच घ्यावं. कोरडेपणा सोसवत नसेल तर डॉक्टरांना सांगावं, औषध बदलता येतं.

ज्यांची काळजी दुसरे घेतात त्या वृद्धांबद्दल मला कळकळीने लिहायचं आहे. चादर बदलायला लागू नये म्हणून त्यांचं पाणी कमी केलं जातं. करणारे दुष्ट नसतात, थकलेले असतात. पण उतारवयात तहानेची जाणीवच मंदावलेली असते, ते मागत नाहीत. मग गोंधळल्यासारखं बोलणं, चक्कर, पडणं, शौच अडकणं, संसर्ग, आणि यातल्या प्रत्येकाने लघवी आणखी सुटते. दिवसा दर दीड-दोन तासांनी हातात धरता येईल असा छोटा पेला द्यावा. दर दोन-तीन तासांनी, त्यांनी म्हणण्याआधीच, संडासला न्यावं. जेवणानंतर थोड्या वेळाने जरूर, कारण तेव्हा पोटही साफ होतं. रात्रीच्या वाटेवर दिवा असावा आणि पायात अडकेल असं काही नसावं.

हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारात डॉक्टरांनी पाण्याची मर्यादा ठरवून दिली असेल तर या लेखातले आकडे तुमच्यासाठी नाहीत. मुतखडा होऊन गेलेल्यांनाही पाणी जास्त लागतं, त्यांनी ते आपल्या डॉक्टरांशी बोलूनच जुळवावं. लघवीतून रक्त, जळजळीसोबत ताप, पोट तट्ट फुगलेलं असून थेंबथेंब गळणं, यात आहाराचे प्रयोग करत बसू नये. लघवी अचानक सुटू लागली आणि सोबत मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा किंवा पायात अशक्तपणा आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

बाकीच्यांनी सहा ते आठ आठवडे हे करून पाहावं आणि तरी पॅड लागत असतील तर भेट घ्यावी. बसल्याबसल्या पहिल्याच वाक्यात सांगावं की माझी लघवी गळते, कारण डॉक्टर आपणहून विचारतीलच असं नाही. सोबत तीन दिवसांची नोंद, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं आणि वेळा, आणि दिवसाला किती पॅड बदलावे लागतात तो आकडा न्यावा.